पिवळ्या पट्ट्यातलं घर

बाहेरच्या खोलीत वडलांच्या फोटोशेजारी आईनं एक नकाशा फ्रेम करून लावला होता. आमच्याच घराचा नकाशा. निळसर कागद, दोन खोल्या, मोरी, ओटा आणि उजव्या कोपऱ्यात एक गोल शिक्का. आल्यागेल्याला ती तो हौसेनं दाखवायची. "परवानगीचा कागद हाय. शिक्का हाय बघा त्याच्यावर." सहा वर्षं मीही तेच समजत होते. मी परतूरला शाळेत भूगोल शिकवते. नकाशाची सूची आधी वाचा म्हणून मुलांच्या मागे लागते. आणि घरच्या भिंतीवरचा शिक्का नेमका कुणाचा आहे, हे जवळ जाऊन वाचायचं मला सहा वर्षांत सुचलं नाही.

तो नकाशा ज्यानं काढला त्याला मी भाऊ म्हणायचे. सख्खा नव्हे, आमच्याच गल्लीतला, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांची एक पद्धत होती. आधी खडू लावलेला दोरा ताणून पाटीभर एक सरळ रेघ उठवायची, आणि मग एकेक अक्षर त्या रेघेला खालून टांगायचं. आम्ही शाळेत अक्षरं लिहून मग वरून रेघ मारायला शिकलो, वडलांचं सगळं उलटं. मला ते कधीच जमलं नाही. भाऊला जमलं. आमच्या ओट्यावर बसून तो वडलांकडून ती रेघ शिकला. पुढे डिप्लोमा करून घरांचे नकाशे काढणारा लायसनवाला इंजिनीअर झाला, तरी साधा अर्ज लिहायचा असला तरी आधी पट्टी ठेवायचा, रेघ मारायचा, मग अक्षरं.

आमच्या वस्तीत कागदाची कामं एकाच माणसाकडे द्यायची रीत आहे. जो शिकला, ज्याची ऑफिसात ऊठबस आहे, त्याच्याकडे सगळ्यांच्या थैल्या. दाखले, सातबारे, खरेदीखतं, सगळं त्याच्या कपाटात. परत मागायचं नसतं. मागितलं की लगेच, "काय, भरवसा न्हाई का?" आमची थैलीही भाऊकडेच होती, आणि ती तिथं आहे म्हणून आम्ही निवांत होतो.

वडील गेल्यावर आईसाठी मी आमच्याच तालुक्याच्या गावी, वस्तीपासून जरा लांब, एक प्लॉट घेतला. आईचं आयुष्य दुसऱ्याच्या भिंतीला टेकून गेलं होतं. तिला चारी बाजूंनी आपल्या भिंती असलेलं घर हवं होतं, बाकी तिनं कधी काही मागितलं नाही. घ्यायच्या आधी भाऊनं मला नगरपरिषदेतल्या मोठ्या नकाशासमोर उभं केलं. "हे बघा ताई, पिवळं म्हणजे राहायची जागा. हिरवं म्हणजे शेती, तिथं घर बांधलं की लफडं. निळ्यात दुकानं. अन् ह्या जाड लाल रेघा हायत ना, ते पुढं होणारे रस्ते. आपला प्लॉट बराबर पिवळ्यात हाय." त्यानं इतकं नीट समजावलं की मी तेच पुढे वर्गात वापरलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे मला आजही कबूल करावं लागतं.

पाया खणला त्या दिवशी आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं. सगळ्यांत खणखणीत आवाज भाऊचा. चौथं शील खोटं न बोलण्याचं, तिथंही तो अडखळला नाही. अडखळावं असं तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं, असं मी अजून धरून चालते. नाहीतर मला माझ्याच अकलेची जास्त लाज वाटेल.

नियमाप्रमाणे भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी जागा मोकळी सोडावी लागते. यावर आईचं आणि त्याचं चांगलंच जुंपलं. "इकत घेतलेली जागा मोकळी सोडायची? कुणासाठी?" तो हसून म्हणाला, "नियम हाय मावशी. उद्या कोणी बोट दाखवायला नको." मग आईनं त्या सोडलेल्या जागेत कढीपत्ता, मोगरा आणि एक सीताफळ लावलं. टँकरचं पाणी आधी झाडांना, मग आपल्याला. महिन्याभरानं भाऊ तो निळा नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, "घ्या मावशी, झालं काम." आईनं त्याच दिवशी तो फ्रेमवाल्याकडे दिला.

त्यानंतर काही वर्षांनी गावाचा नवा विकास आराखडा निघाला. तो आधी कच्चा लावतात, लोकांनी महिन्याभरात हरकती द्यायच्या, मग त्यात बदल होऊन तो मंजुरीला जातो. मी भाऊला फोन केला. येऊन बघू का, असं विचारलं. "कशाला एसटीचा धक्का खाता ताई? मी पाहून आल्तो. आपल्या प्लॉटला काहीच न्हाई." हेही खरंच होतं. त्याच आठवड्यात तो घरी आला, आईच्या हातचा चहा प्यायला, सीताफळ चाखलं, जाताना कढीपत्ता घेऊन गेला. आईनं मला फोनवर कौतुकानं सांगितलं, की त्यानं टेप काढून घराच्या मागची जागा पुन्हा मोजली. किती काळजी करतो, म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "दोन माणसं आल्ती. ओट्यावर लाल बाण काढून गेले. रस्ता म्हनत्यात."

मी भाऊला फोन केला. "चुकून मारला आसंल ताई. मी बघून राह्यलो." पंधरा दिवस तो बघत होता. मग त्यानं फोन उचलणं बंद केलं. मी रजा टाकली आणि पहिल्यांदाच स्वतः नगरपरिषदेत गेले.

बदललेला आराखडा भिंतीवर होता. रंग मला पाठ होते, त्यामुळे कुणाला विचारावं लागलं नाही. स्टेशनकडून येणारी लाल रेघ सरळ चालली होती, एका ठिकाणी ती उगाच वाकली होती आणि आमच्या पिवळ्या चौकोनातून, बरोबर स्वयंपाकघरावरून गेली होती. टेबलावरच्या बाईंनी माझ्यासाठी जुनी रजिस्टरं काढली. चांगल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "मॅडम, ह्या प्लॉटवर बांधकामाचा अर्जच आलेला न्हाई. आमच्याकडं मोकळी जागा हाय ही." मी मोबाइलवरचा नकाशाचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला. "हा शिक्का आमचा न्हाई. इंजिनीअरचा हाय."

त्याचाच शिक्का. त्यानं नकाशा काढला, स्वतःचा शिक्का मारला, आईच्या हातात दिला, आणि अर्ज आत टाकलाच नाही. आळसानं म्हणा, नंतर बघू म्हणून म्हणा. इथपर्यंत मी त्याला माफ केलं असतं. आमच्याकडे किती कामं अशीच राहतात.

मग मी माहितीच्या अधिकारात हरकतींच्या प्रती मागितल्या. आमच्या बाजूचा रस्ता वाकवा म्हणून एकच हरकत आली होती. खाली सही त्याच्या साडूची. कच्च्या आराखड्यात रस्ता साडूच्या प्लॉटवरून जात होता. अर्ज हातानं लिहिलेला होता, आणि प्रत्येक ओळीच्या वर पट्टीनं मारलेली एक सलग रेघ होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. अक्षरं तिला खालून टांगलेली. तिथल्याच बाकावर मी बसले आणि तो अर्ज तीनदा वाचला. रस्ता शेजारच्या, म्हणजे आमच्या प्लॉटवरून न्यावा, असं त्यात होतं. मापंही दिली होती. चहा पिऊन घेतलेली मापं.

मी तशीच त्याच्या ऑफिसात गेले. मला पाहून तो उठला, खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. प्रत टेबलावर ठेवली.

"रस्ता कुठून तरी जाणारच होता ताई," तो म्हणाला. "साडूची दोन मजली इमारत झाल्ती. बायकोनं घर डोक्यावर घेतलं माझं. तुमचं काय, तुम्हाला नोकरी हाय, तुम्ही दुसरीकडं..."

"आणि माय?"

त्यानं टेबलावरची पट्टी उचलून बाजूला ठेवली. मी माझी थैली मागितली. त्यानं ती कपाटातून मुकाट्यानं काढून दिली. टेबलावरची प्रत मी तिच्यात टाकली. भरवसा न्हाई का, हे या वेळी विचारलं नाही. मी त्याला खूप काही बोलायचं ठरवून गेले होते. बाहेर आल्यावर लक्षात आलं की त्यातलं काहीच बोलले नाही, आणि त्याचाही राग आला.

आराखडा आता मंजुरीसाठी वर गेला आहे. मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात अर्ज दिलाय. मुदतीत का दिला नाही, असं विचारणारं पत्र आलं, त्याचंही उत्तर दिलंय. जालन्याच्या दोन फेऱ्या झाल्या. घर राहील की जाईल, हे कोणी सांगत नाही.

त्या दिवशी मात्र मी थैली घेऊन घरी आले, तेव्हा आई ओट्यावर बसली होती, लाल बाणावर गोणपाट टाकून. तिनं थैलीतले कागद एकेक करून मांडीवर काढले. तिला वाचता येत नाही. हरकतीची प्रत हाताला लागली तशी ती थांबली. मधल्या एका रेघेवरून तिनं अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"ही तुझ्या बापाची रेघ हाय," ती म्हणाली. चेहरा एकदम खुलला तिचा. "भाऊनं लिहिलं ना? बघ, मी म्हनलं न्हवतं, त्यो गप बसनार न्हाई. आपल्या घरासाठी लिहिलं ना त्यानं? काय लिहिलंय?"

मला खोटं बोलता आलं असतं. दोन दिवस तरी तिला बरं वाटलं असतं. पण या घरात कागदावर काय आहे हे न वाचताच आम्ही सहा वर्षं काढली होती. मी तिच्या अंगठ्याखालची ओळ वाचली.

"सदर जागा मोकळी असून तेथे कोणीही राहत नाही."

आईनं अंगठा काढला नाही.

"परत वाच," म्हणाली.

मी परत वाचलं.