मामंजींची जव-मुगाची खिचडी

खानावळ चालवणाऱ्या घरात भांडी कमी आणि किस्से जास्त साठतात. भांडी निदान घासून उपडी घालता येतात. किस्से कोणी सुपारी कातरत बसलं की आपोआप बाहेर येतात. हे आमच्या अलिबागच्या खानावळीतले, तीस सालच्या आगेमागचे. सांगताना मी थोडी फुशारकी मारणार आहे, आधीच सांगते.

*

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, मधुमेह निघाला. अंगठ्याची जखम काही केल्या भरेना. डॉक्टर म्हणाले, "भात बंद. जव आणि मूग खा. नाहीतर पाय कापावा लागेल."

"पायाचं सोडा हो," मामंजी म्हणाले. "मालकच भात खात नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

सासूबाई रडायला लागल्या, आणि पथ्याचा स्वयंपाक माझ्याकडे आला.

*

जव मुंबईहून बोटीने मागवले. मांडव्याला उतरून ते बैलगाडीने आले. पहिल्या दिवशी मी ते अख्खेच शिजवले. आमच्याकडे जव एरवी दिसायचे ते श्राद्धालाच. मामंजींनी पानातले जव बोटाने चाळले.

"सूनबाई, तीळ राहिले गं," ते म्हणाले. "मी अजून आहे, तोवर जरा फोडणी तरी दे."

*

मग मी हट्टालाच पेटले. जव जात्यावर भरडले, सालीच्या मुगाबरोबर शिजवले. फोडणीला हिंग, जिरं, मिरी, आलं, पांढरा कांदा. वरून आमसुलाचं पाणी. मामंजी जेवले आणि म्हणाले, "बरी झालीय."

मी हिरमुसले. सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "वेडे, लग्न झाल्यापासून माझ्या आमटीला नुसतं 'हं' मिळालंय."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं!

*

मालकाने गिऱ्हाइकांच्या पंगतीत बसून तेच अन्न जेवायचं, ही आमची रीत. मामंजी आत जेवू लागले तशी कुजबुज सुरू झाली. एक दिवस कोर्टातले एक वकील सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. "काय मालक, आम्हाला एक आणि तुम्हाला एक?"

"अहो, त्यांना मधुमेह आहे," सासूबाई म्हणाल्या.

वकिलांनी फोडणीचा वास घेतला. "मग मलाही आहे असं समजा," म्हणाले आणि तिथेच पाट ओढून बसले. दुसऱ्या दिवसापासून मामंजी आपली खिचडी घेऊन पंगतीत बसायला लागले.

*

काही महिन्यांनी डॉक्टर लघवी तपासायला आले. औषधात घालून तापवायची. निळी राहिली तर ठीक, विटकरी झाली तर साखर. नेमकं त्यांच्या दिव्यातलं स्पिरिट संपलेलं. "जरा तुमच्या चुलीवर..." एवढंच म्हणाले, तर सासूबाई उलथनं घेऊन चुलीपुढे उभ्या! शेवटी न्हाणीच्या चुलाण्यावर नळी धरली. आम्ही सगळे भोवती गोळा. निळी ती निळीच राहिली. जखमही भरली होती. पाय वाचला होता. सासूबाईंनी त्या चुलाण्यालाच हात जोडले.

*

त्याच दुपारी डॉक्टर मामंजींच्या शेजारी जेवायला बसले. "यांना काय करून घालता, चव तरी बघू." मी चमचाभर वाढली. मग वाटीभर. मग "अजून आहे का?" असं करत पातेलं खरवडून झालं. मामंजी रिकाम्या पानापुढे बसून बघत होते.

"मामंजी, आता तुम्हाला काय वाढू?" मी विचारलं.

"भात," मामंजी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि डॉक्टर, आज तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

डॉक्टरांच्या तोंडात माझ्या खिचडीचा शेवटचा घास होता.