कुणीतरी खेळ बदलतंय

आईचा फोन आला तेव्हा मी शिनोलीत घरी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. आई फोनवर आधी जेवलीस का विचारते, मग बाकीचं. त्या दिवशी तिनं थेट सुरुवात केली.

"आगं, हे म्हणत्यात, माझा गेम कुणीतरी बदलतंय. दोन दिवस तेच लावलंय. तू येऊन बघ बाई एकदा."

गेम म्हणजे दादांचा लढाईचा खेळ. दादा माझे वडील. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी लिहिण्यात, त्यांची सगळी नोकरी गेली. तिथं पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा कुणीतरी एका सीडीवरून हा खेळ त्यात टाकला होता. आधी गाव वसवायचं, लाकूड तोडायचं, मेंढ्या राखायच्या, मग तट बांधून शेजारच्या राज्याशी लढायचं. जेवणाच्या सुट्टीत सगळेच खेळायचे. पुढं बाकीच्यांनी सोडला, दादांनी धरून ठेवला. निवृत्तीनंतर माझ्या नवऱ्यानं त्यांना नवा कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तोच खेळ इंटरनेटवरून विकत घेऊन त्यात घातला. पिंपळवंडीच्या घरी दुपारचं जेवण झालं की तासभर ते खेळायचे. आई त्या तासात झोप काढायची.

मला त्या फोनची धास्ती वाटली, कारण त्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. दादा मोटरसायकलवर नारायणगावला गेले, एसटीनं परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी शोधत राहिले. आणि एका लग्नात त्यांनी माझ्या मावसभावाला त्याच्या वडिलांची तब्येत विचारली. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. दादा स्वतः त्यांच्या मातीला गेले होते.

मी पोचले तेव्हा दादा माझी वाटच बघत होते. चहासुद्धा घेऊ दिला नाही. कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवायला लागले.

"ह्यो नदीचा उतार बघ. आधी हितनं घोडी पलीकडं जायची. आता जात न्हाईत. आन् हा टेहळणीचा माणूस, ह्याला आधी लांबचं दिसायचं. आता ह्या झाडापल्याड दिसत न्हाई."

"दादा, तुम्ही दुसरा नकाशा घेतला असेल."

"वीस वर्सं ह्योच नकाशा खेळतोय मी."

त्यांनी एका कागदावर नऊ बदल लिहून ठेवले होते. टाइम ऑफिसातलं तेच सुवाच्य अक्षर. सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं, 'मेंढरं बुजल्यावर आधी पाण्याकडे जात. आता कुठेही जातात.' मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, "दादा, इतका जुना खेळ आता कोण कशाला बदलेल? तुम्हाला तसं वाटत असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कॉम्प्युटर बंद केला आणि गोठ्याकडं निघून गेले.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना नारायणगावला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. घड्याळ बरोबर आलं. शब्द दोनच आठवले. मग डॉक्टरांनी आम्हाला विचारलं, घरी काही वेगळं जाणवतं का? मोटरसायकलचं मी सांगितलं. लगेच आई म्हणाली, "आन् म्हणत्यात, कॉम्प्युटरमधला गेम कुणीतरी बदलतंय." डॉक्टरांनी मान हलवली आणि तेही लिहून घेतलं. पुण्याला जाऊन मेंदूचा फोटो काढायला सांगितला.

परतीच्या वाटेवर दादा गाडीत मागं बसले होते. नारायणगाव मागं पडल्यावर ते एकदाच बोलले. "गाडीचं विसरलो ते खरं हाय. पर गेमचं त्यानं कशाला लिवलं?"

घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून मी त्या खेळाचं नाव फोनवर शोधलं. आजवर हे मी का केलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

जगभरच्या खेळाडूंची एक साइट निघाली. तिथं महिनाभर एकच चर्चा चालू होती. या जुन्या खेळाला अचानक छोटे छोटे अपडेट येत होते. इंटरनेट चालू असलं की ते आपोआप आत शिरायचे. काय बदललं, का बदललं, कंपनी एका ओळीनंही सांगत नव्हती. कुणाचा तर्क होता की खेळाची नवी आवृत्ती येणार, ही तिची तयारी आहे. कुणी म्हणे, कंपनीत नवा माणूस लागलाय आणि तो जुन्या खेळावर हात साफ करतोय. बऱ्याच जणांना भीती होती की खेळ कायमचा बंद करण्याआधीची ही आवराआवर आहे. एकानं लिहिलं होतं, नदीच्या उतारावरून माझे घोडे जात नाहीत, मला भास होतोय का?

घंटा झाली, मुलं वर्गात गेली, मी तशीच बसून राहिले. शेवटी शिपाई बोलवायला आला.

त्या संध्याकाळी मी दादांची यादी इंग्रजीत करून तिथं टाकली. माझे वडील वीस वर्षं हा खेळ खेळतात, त्यांना हे दिसलंय, तुम्हाला दिसलंय का, एवढंच विचारलं. सकाळपर्यंत उत्तरं आली होती. नऊपैकी सहा बदल बऱ्याच जणांना दिसले होते. तीन कुणालाच नाही. मेंढरांचा, शत्रूच्या निशाणाच्या रंगाचा आणि हल्ल्याच्या वेळी वाजणाऱ्या शिंगाच्या आवाजाचा.

मी शाळेत जायच्या आधी दादांना फोन केला. सहा बदल खरे निघाले म्हणून सांगितलं.

"मंग?" ते म्हणाले. "मी काय सांगत व्हतो?"

"दादा, माझं चुकलं. मी आधी बघायला पाहिजे होतं."

त्यांनी विचारलं, "आन् बाकीचे तीन?"

"ते अजून कुणाला दिसले नाहीत."

"बरं," म्हणाले आणि फोन आईकडं दिला. आईनं नंतर सांगितलं, त्या दुपारी ते खेळायला बसलेच नाहीत. हातात यादी घेऊन खुर्चीत बसून होते. मी त्यांना तीनचा आकडा सांगायला नको होता, असं मला दिवसभर वाटत राहिलं. पण विचारल्यावर खोटं तरी काय सांगणार?

चार दिवसांनी एका परदेशी खेळाडूचं उत्तर आलं. त्याच्याकडं खेळाची जुनी प्रत होती. जुना आणि नवा खेळ शेजारी शेजारी लावून त्यानं मेंढरं पुन्हा पुन्हा बुजवून बघितली होती. त्यानं लिहिलं, तुमचे वडील बरोबर आहेत. आमच्यापैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. त्यांनी ते कसं ओळखलं?

या वेळी मी फोनवर न सांगता पिंपळवंडीला गेले. दादांनी उत्तर ऐकून घेतलं, मला ते दोनदा मराठीत सांगायला लावलं. "आमच्या बापाची मेंढरं व्हती," ते म्हणाले. "दहावीपत्तुर मी त्यांच्या मागंच हिंडलोय. मेंढरू बुजल्यावर कुठं पळतंय ते बघायला काय चष्मा लागतोय व्हय? लिव त्याला."

मी लिहिलं. दादा मागं उभं राहून वाचत होते. इंग्रजी फारसं कळत नसतानाही 'शीप' शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "हां, हेच."

पण निशाणाचा रंग आणि शिंगाचा आवाज बदलल्याचं कुणीच मान्य केलं नाही. त्या परदेशी माणसानं तेही तपासलं. दोन्ही पहिल्यासारखेच होते. हे मी दादांना अजून सांगितलेलं नाही आणि त्यांनीही विचारलेलं नाही.

मेंदूच्या फोटोनंतर डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, गोळ्या चालू करू, पुढं बघू. गेमबद्दल लिहिलेलं मी त्यांना खोडायला लावलं. त्यांनी हसून खोडलं आणि म्हणाले, "खेळणं मात्र बंद करू नका."

गोळ्या चालू होऊन सहा महिने झाले. मोटरसायकलची किल्ली आता आईकडं असते. कंपनीनं अजून काही खुलासा केलेला नाही, अपडेट मात्र येतात. दादा बदल टिपून ठेवतात, मी रविवारी जाऊन ते साइटवर टाकते. तिथले लोक आता माझ्या वडिलांच्या यादीची वाट बघतात. मीही त्यांच्या उत्तरांची बघते, पण माझं कारण वेगळं आहे. दादांचं कुठवर बरोबर आहे, ते मला त्यातून कळतं.

या रविवारी दादांनी एकच बदल सांगितला. खेळात लाकूडतोड्या काम संपल्यावर आधी घरी परत यायचा, आता जागेवरच थांबतो. मी साइटवर पाहिलं. गेल्या आठवड्यात अपडेट आल्याचं कुणीच लिहिलेलं नाही. तरी मी प्रश्न टाकलाय. कधीकधी आधी कुणाच्या लक्षात येत नाही.

आज बुधवार. प्रत्येक तासानंतर मी फोन बघतेय.