विमलचा आजार आणि माझ्या चार ओळी

"हिच्या हृदयाला काहीही झालेलं नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मला रडू आलं. ते आनंदाचं नव्हतं. मनात आलं, हृदय चांगलं असेल तर मग रोज सकाळी अकराच्या सुमाराला मी मरते ती कशानं?

बाईंनी कागदावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले आणि माझ्या भावाला वाचून दाखवले. अँग्झायटी न्यूरोसिस. मग कानडीत समजावलं. मनातली भीती शरीराच्या वाटेनं बाहेर पडते, त्याला हे नाव. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, आणि तपासायला गेलं तर सगळं ठीक. दादा मान हलवत राहिला. बाहेर बाकावर येऊन बसल्यावर म्हणाला, "म्हंजे काय झालंच न्हाई म्हन की तुला, हौसे."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, सुटका होती. तरी मला ते लागलं.

याला आता सहा वर्षं झाली. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढची शाळा नदीपलीकडच्या गावी होती, म्हणून तिथंच थांबलं. लिहायची सवय नाही. पण असा आजार आणखी कुणाला होत असेल, त्यातून घरापासून लांब राहणाऱ्या मुलींना, तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून जसं झालं तसं सांगते. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगते.

आमचं गाव गडहिंग्लजच्या बाजूचं; आबा, म्हणजे वडील, तिथंच. दादा बंगळुरात फिटर होता. मला सतरावं लागल्यावर त्यानं बोलावून घेतलं आणि विजेचे मीटर तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात लावलं. काम कॉइल गुंडाळायचं. केसाहून बारीक तांब्याची तार असते. यंत्र पायानं चालवायचं आणि बोटानं तार सांभाळत न्यायची. बोट जरा थरथरलं की तार तुटते. वर्षभर उमेदवारी, मग कायम. मला ते काम फार आवडायचं. आमच्या गावातल्या कुठल्याच मुलीनं असं काम केलेलं नव्हतं.

नवव्या महिन्यात एका सकाळी तार तुटली. जोडली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा माझी बोटंच मला दिसेनात, म्हणजे दिसत होती, पण माझी वाटत नव्हती. छाती इतकी जोरात धडधडायला लागली की शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं वाटलं. मी मरते आहे, आणि ते सगळ्यांच्या देखत, एवढंच कळत होतं. दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आलं. मग बसमध्ये. मग नळावर.

सुपरवायझर माणूस चांगला. पण त्यानं दादाला स्पष्ट सांगितलं, ही यंत्रावर बसायला योग्य आहे अशी डॉक्टरची चिठ्ठी आणा, तोवर पाठवू नका. चिठ्ठी मिळाली तर मी कायम होणार, नाही मिळाली तर गावी परत. माझं सगळं त्या एका कागदावर येऊन थांबलं.

मोठ्या दवाखान्यात ई.सी.जी. काढला. छातीला आणि हातापायांना तारा लावून हृदयाची चाल कागदावर उमटवतात. दुखत नाही. छातीचा एक्स-रे झाला, रक्त तपासलं. प्रत्येक तपासणीनंतर एक दिवस वाट बघायची. काहीच सापडलं नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी ते नाव सांगून काही दिवस नजरेखाली ठेवायचं म्हणून मला बायकांच्या वॉर्डात ठेवून घेतलं.

बाईंना मराठी येत नव्हतं. माझं कानडी बसच्या तिकिटापुरतं आणि भाजीपुरतं. मधे दुवा म्हणून होती वॉर्डातली आया, गंगूअक्का. तिच्या घरी मराठी बोलायचे, पण तिला मराठी वाचता येत नव्हतं. तिची शाळा कानडी. तिचे पूर्वज किती पिढ्यांपूर्वी इकडं आले ते तिलाही सांगता येत नसे. "आमचा कोण आज्जा घोडा घेऊन आला होता म्हणे," ती सांगायची. "घोडा मेला, आमी ऱ्हायलो."

रोज सकाळी बाई विचारायच्या, काय होतं? मी म्हणायची, "कसंतरीच होतं." अक्का कानडीत सांगायची, "एनो ओंथरा आगत्तंते." म्हणजे तेच, कसंतरीच होतं म्हणते. बाईंचं पेन कागदावर टेकलेलं असायचं, पण हलायचं नाही. चार दिवस असे गेले.

"अगं पोरी," अक्का शेवटी म्हणाली, "त्या डॉक्टरम्मा कसंतरीला कसलं औषध देतील? स्वल्प नीट बोल की."

नीट बोलायला शब्द हवेत ना. ते माझ्यापाशी नव्हते.

पाचव्या दिवशी दादानं एक पुस्तक आणलं. बंगळुरातल्या मराठी मंडळींच्या एका वाचनालयात तो अधूनमधून वर्तमानपत्र बघायला जायचा. बहीण दवाखान्यात आहे, वेळ जात नाही, असं सांगितल्यावर तिथल्या काकांनी कपाटातून काढून दिलेली ती किशोरवयीन मुलींसाठीची कादंबरी. शाळेच्या क्रमिक पुस्तकांखेरीज मी तोवर एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. ओळीखाली बोट धरून वाचत होते. दिवसाला आठ-दहा पानं व्हायची.

त्यातली विमल पंधरा वर्षांची. बाप कडक. मुलगी हुशार, पण वर्गात उठून बोलायची वेळ आली की तिची वाचा बसे. अकराव्या पानावर एक ओळ होती : "आपण विहिरीच्या तळाशी उभ्या आहोत आणि माणसं काठावरून बोलताहेत, असं विमलला वाटलं."

मी पुस्तक मिटलं. थोड्या वेळानं उघडलं आणि ओळ तिथंच आहे ना ते पाहिलं. माझी गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती, आणि ती छापून आली होती. लिहिणाऱ्याला हे कुठून कळलं? म्हणजे हे आणखी कुणाला तरी होतं. त्या दिवशी दुपारी मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

पुस्तकाच्या आत शिक्का होता, पानांवर खुणा करू नयेत. तरी मी अक्काकडून पेन्सिल मागून घेतली आणि त्या ओळीखाली रेघ मारली. दुसऱ्या सकाळी बाई आल्यावर ती ओळ वाचली. अक्कानं ती कानडीत केली. तिला जरा वेळ लागला, "विहीर म्हंजे बावी, सरी, बरं, तळ म्हंजे..." असं पुटपुटत. बाईंचं पेन हललं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, आणखी असेल तर खुणा करून ठेव.

मग रोज तसंच सुरू झालं. मी मराठीत वाचायची, अक्का कानडीत सांगायची, बाई इंग्रजीत लिहायच्या. "श्वास घशाशी येऊन परत फिरत होता." "सगळ्यांच्या देखत आपल्याला काहीतरी होईल या धास्तीनं ती सगळ्यांनाच टाळू लागली." "भीती कशाची, असं विचारलं की तिला उत्तर सुचत नसे, आणि उत्तर नाही याचीच तिला भीती वाटे." विहिरीची धरून या चारही ओळी अगदी माझ्या होत्या.

मग ते पान आलं जिथं विमल शाळेच्या प्रार्थनेत पडते. डोळ्यांपुढं अंधार येतो, दातखीळ बसते, आणि शुद्धीवर येते तेव्हा भोवती सगळी शाळा जमलेली असते. तोवर तिचा बाप, नाटकं करते, असं म्हणत असतो. ती दुसऱ्यांदा पडते त्या दिवशी तो उशाशी बसून रडतो. तिथून पुढं विमल बरी होत जाते.

मी कधीच पडले नव्हते. एकदाही नाही. तरी मी त्या ओळींखाली रेघ मारली.

का, ते आज नीट सांगता येतं. तेव्हा माझ्या डोक्यात असं होतं की शेवटच्या पानावर विमल बरी होते, ती सगळा आजार झाल्यावर. माझा अर्धाच असेल तर बरं होणंही अर्धंच होईल. शाळेत गुरुजी अर्ध्या उत्तराला शून्य द्यायचे. आणि दुसरं, दादाचं ते बाकावरचं वाक्य मनातून जात नव्हतं. पडलेल्या माणसाला, काय झालंच न्हाई, असं कुणी म्हणत नाही.

मी वाचलं. अक्कानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, किती वेळा? मी बोटं दाखवली, दोन. पुस्तकात दोनदाच होतं. बाई बराच वेळ लिहीत राहिल्या.

दुपारी दादा आला तेव्हा त्याला बोलावून घेतलं. शुद्ध हरपते, दातखीळ बसते, म्हणजे एपिलेप्सी असू शकते. एपिलेप्सी म्हणजे फेफरं, मेंदूतून येणारे झटके. त्यासाठी ई.ई.जी. करायचा, त्यात डोक्याला तारा लावून मेंदूची चाल बघतात. तो चांगला आला तरी झटके येत असतील तर हिला यंत्रावर बसवता येणार नाही. विस्तवाजवळ नको, पाण्याजवळ नको. कामाची चिठ्ठी मी देऊ शकत नाही, असं बाई म्हणाल्या.

दादा माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं होतं तसाच, अगदी विमलच्या बापासारखा उशाशी. "मला का सांगितलं न्हाईस पडल्यालं?" तो म्हणाला. "मी आपला तुला बोलत ऱ्हायलो." डोळे पुसून म्हणाला, "आबांना पत्र टाकतो. गावी जा तू. जिवापेक्षा काम मोठं न्हाई."

मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यात माझं काम गेलं होतं. तो गेल्यावर मला धडधडीचा आजवरचा सगळ्यात मोठा झटका आला. तो खरा होता. मी पलंगाची दांडी धरून बसले होते. अक्का पाठीवर हात फिरवत राहिली. ओसरल्यावर तिनं पितळी पेल्यातून कॉफी दिली आणि माझ्या बाजूला बसली.

"मी हितं अठरा वर्षं हाय," ती म्हणाली. "फेफरंवाल्या पोरी किती उचलल्या असतील. पडतात त्यांचं कोपर फुटतं, जीभ चावती. तुझी जीभ दाखव."

मी दाखवली नाही.

"सरी. नको दाखवूस." ती उठता उठता म्हणाली, "त्या पुस्तकातल्या पोरीचा आजार तिला ठेव की. तुला तुझा पुरला नाही काय?"

मी तिच्याकडूनच खोडरबर मागितलं आणि त्या पानावरच्या रेघा खोडल्या. कागद खरबरीत झाला. पण बाईंच्या कागदावर शाई होती. ती खोडायला तोंडच उघडायला लागणार होतं.

सकाळी बाई आल्या. अक्का नेहमीसारखी पुढं झाली. मी तिला हातानं थांबवलं. रात्रभर दोनच वाक्यं जुळवली होती.

"अम्मा, नानु बिद्दिल्ला. सुळ्ळु हेळिदे." मी पडले नाही. खोटं सांगितलं.

बोलताना छाती तशीच धडधडत होती, श्वास घशाशी येऊन परत फिरत होता. मी मेले नाही.

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण रेघा दिसत होत्या आणि खोडलेली जागाही. त्यांनी पानं उलटून उरलेल्या रेघा मोजल्या. मग अक्काला म्हणाल्या, हिला नीट सांग. "या चार ओळी आजारी पडायला पुरतात. आजार खरा असायला तो मोठा असावा लागत नाही." आणि लगेच, "ई.ई.जी. मात्र मी करणारच. तू एकदा खोटं बोललीस, तर मला दोनदा बघायला लागतं."

यात रागावणं होतं की नाही, मला कळलं नाही. ते बरोबर होतं एवढं कळलं.

तपासणी चांगली आली. दादाला मी स्वतः सांगितलं. त्यानं खिशातून आबांना लिहिलेलं पत्र बाहेर काढलं. मग म्हणाला, "बरं झालं, पत्र खिशातच ऱ्हायलं." आणि थोड्या वेळानं, "त्या दिवशी काय झालं न्हाई म्हनालो, ते माझंबी खोटंच की."

आणखी बारा दिवसांनी चिठ्ठी मिळाली. पहिला महिना अर्धा दिवस, मग पूर्ण. बाईंनी शिकवलं ते एवढंच : झटका आला की पळायचं नाही, जागेवर बसून श्वास सावकाश सोडायचा आणि तो ओसरतो हे स्वतःला सांगायचं. गोळी थोडे महिने होती, मग बंद केली. तारा अजून तुटतात. सगळ्यांच्याच तुटतात, हे मला पूर्वी दिसत नव्हतं. मी कायम झाले. झटका वर्षातून एखाद-दोनदा येतो. मी त्याला ओळखते.

पुस्तक परत करताना वाचनालयातल्या काकांना चार रेघा दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून ओळी वाचल्या, माझ्याकडं पाहिलं, आणि खोडरबर पुढं केलं नाही.

गेल्या महिन्यात मी ते पुस्तक पुन्हा मागून घेतलं. माझ्या रेघा पुसट झाल्या आहेत. पण विमल प्रार्थनेत पडते त्या पानावर, मी खोडून खरबरीत केलेल्या जागी, कुणीतरी निळ्या शाईनं रेघ मारली आहे. शाई त्या कागदात जरा पसरली आहे.

कुणाची ते मला ठाऊक नाही. माझ्यासाठी जे खोटं होतं, ते तिचं खरं असेल. तिलाही कुणी गंगूअक्का भेटली असावी, एवढंच मी मागते. त्या रेघेखाली माझं बोट धरून मी ती ओळ एकदा सावकाश वाचली, आणि पुस्तक काकांकडं परत दिलं, म्हणजे ते कपाटात राहील.