कमलबाईची तक्रारवही

डेअरीत दूध चार तास टिकत नाही, किस्से मात्र वर्षानुवर्षं टिकतात! भूमजवळच्या आमच्या दूध संस्थेत मी सेक्रेटरी होतो. तिथले निम्मे किस्से एकट्या कमलबाईचे. बौद्ध वस्तीतली, मॅट्रिक पास, दूध तपासायचं ट्रेनिंग घेऊन आलेली. दुष्काळात तिच्या घराला या नोकरीचाच आधार होता. संचालकांनी तिला घेतलं, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. सभासदाची तक्रार आली की नोकरी गेली!

*

पहिल्याच सकाळी आमचे जुने सभासद तात्या दुधाची किटली छातीशी धरून उभे. त्यांच्या घरी वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणीही चालत नसे.

"हिचा हात माझ्या दुधाला लागायचा न्हाय!"

कमलबाईनं वही पुढं सरकवली. "तात्या, तक्रार लेखी द्या. कारणबी लिवा."

असलं कारण कागदावर लिहिलं तर फौजदार दारात येईल, हे तात्यांना पक्कं ठाऊक! पेन ठेवून तरातरा घरी गेले. मी सेक्रेटरी असून गप्प बसलो, त्याची आजही लाज वाटते.

*

मग चेअरमनसाहेबांनी शक्कल काढली. वस्तीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये!

आठवड्यानं शीतकरण केंद्राचा शेरा आला : 'वेगळा कॅन उत्तम. बाकीच्यांत पाणी, दर कमी.'

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब किटली घेऊन त्याच कॅनपाशी. "कमलबाई, माझंबी ह्यातच वता."

"आधी तपासते, साहेब."

दुधात पाणी असलं की लॅक्टोमीटर खाली जातो; हा तर पार गळ्यापर्यंत बुडाला. वेगळा कॅन त्याच दिवशी बंद झाला!

*

तात्या आता सुनेच्या हाती दूध पाठवू लागले. एकदा कमलबाईला त्यात गुठळ्या दिसल्या. "म्हशीच्या कासेला दगडी झालीया, सूज हाय. डॉक्टरला बोलवा, न्हायतर सड जाईल."

तात्या धापा टाकत आले. "डॉक्टर येस्तवर तूच बघ, बाई!"

ती वाड्याच्या दारात थांबली. "आत येऊ?"

"इचारतीस काय? पळ की!"

म्हैस बरी झाली. सुनेनं वस्तीत डबाभर खवा पाठवला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून कमलबाईच्या आईनं त्यात शेंगांची चटणी भरून दिली.

*

तीन महिने भरले. सकाळी दुधाच्या रांगेसमोरच सगळे संचालक हजर. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "कुणाची तक्रार?"

तात्यांनी हात वर केला.

"हाय. चटणीत मीठ कमी होतं."

कमलबाईनं वही पुढं सरकवली.

"लेखी द्या, तात्या."

तात्यांनी पेन उचललं, सगळं नीट लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली.