एवढं एक मॉडेल

करुणा साळवेला गाड्यांचं वेड कधीच नव्हतं. ती खडकीत वाढली, ऑस्ट्रेलियात क्लेटनच्या युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकलची मास्टर्स करून बाहेर पडली, आणि नोकरी मिळाली ती तिथल्याच ट्रुगानिना भागातल्या एका शेडमध्ये. तिथे अमेरिकेहून डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या येत आणि उजव्या स्टिअरिंगच्या होऊन बाहेर पडत. डॅशबोर्ड, पेडल, वायपर, वायरिंग, सगळं आरशात दिसतं तसं उलटवायचं. ती ड्रॉइंग्ज करुणा करायची.

मालक ग्लेन. साठीचा, बोलायला गोड. करुणाचा व्हिसा त्यानेच स्पॉन्सर केलेला, आणि त्या व्हिसावर नवरा सुजित आणि मुलगी कौमुदी यांचंही ऑस्ट्रेलियात राहणं टांगलेलं. "तीन वर्षं काढ, मग परमनंट व्हिसाची फाइल लावू," ग्लेन म्हणाला होता.

चहाच्या सुट्टीत तो रंगात येऊन सांगायचा. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं, नियम कडक झाले आणि या दणकट अमेरिकन गाड्यांचा जीवच गेला. मग २००५मध्ये फोर्डने मस्टँगला जुनं रूप दिलं, ती धडाधड खपली, आणि डॉज नि शेवरले खडबडून जागे झाले. "एकाने सातशे हॉर्सपॉवर केली की दुसऱ्याला झोप लागत नाही!"

त्यांची झोप उडायची आणि करुणाच्या मानेवर जोखड चढायचं. इंजिन मोठं झालं की एक्झॉस्टचे पाइप नेमके उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या दांड्याच्या वाटेत यायचे. मग सगळं पहिल्यापासून.

२०२२मध्ये तीन वर्षं भरली. करुणाने विचारलं, तेव्हा शेडमध्ये सातशे साठ हॉर्सपॉवरची मस्टँग उघडी पडली होती.

"एवढं एक मॉडेल होऊ दे, करुणा."

ते झालं. मग डॉजची आठशेवर गेलेली गाडी आली. पुन्हा तेच वाक्य.

दरम्यान डँडेनाँगच्या एका कंपनीने तिला बोलावलं. इलेक्ट्रिक बस, स्वतःची टीम, हवं होतं तसं काम. व्हिसाच्या वकिलाने थंडपणे सांगितलं, मालक बदलला की फाइलसाठीची वर्षं पुन्हा शून्यापासून.

"जायचं का?" सुजितने विचारलं.

"आणि मधे त्या कंपनीचं काही झालं तर? कौमुदीची शाळा, तुझा जॉब..."

करुणाने नकार कळवला आणि त्या दिवसापासून अमेरिकन गाड्यांचं माहेर असलेल्या डेट्रॉइटच्या बातम्यांची धास्तीच घेतली. नव्या मॉडेलचा व्हिडिओ लागला की शेडमधली माणसं शिट्ट्या मारायची. करुणा उठून शेडबाहेर जायची.

आणि मग बातमी आली की डॉजची चॅलेंजर बंद होणार, पाठोपाठ शेवरलेची कॅमॅरोही. सगळ्यांचे चेहरे पडले. करुणा पार्किंगमध्ये आपल्या छोट्या टोयोटात जाऊन बसली आणि डबा मांडीवर घेऊन एकटीच हसली.

दोन आठवड्यांनी ग्लेनने तिला अंगणात बोलावलं. तिथे एक अवाढव्य पिकअप ट्रक उभा होता.

"आता त्यांची ट्रकवरून जुंपलीय," तो हात चोळत म्हणाला. "एवढं एक..."

"नाही." आवाज आपला आहे हे करुणाला क्षणभर कळलंच नाही. "आधी माझ्या फाइलचे कागद. आत्ता. तू सही केल्याशिवाय मी या ट्रकचं बॉनेटसुद्धा उघडणार नाही."

ग्लेन ऑफिसात गेला. वकिलाने पाठवलेले कागद दीड वर्षं त्याच्या खणात पडून होते. ते भरायला त्याला बारा मिनिटं लागली. करुणा घड्याळ बघत समोर उभी होती.

"वाटायचं, सही केली की तू जाशील," तो खाली बघत म्हणाला.

"गेलेच असते," करुणा म्हणाली.

फाइल लागली. त्याला आता चौदा महिने होऊन गेले. उत्तर येईपर्यंत नोकरी सोडता येत नाही. ग्लेन हल्ली फारच सांभाळून वागतो, तिच्यासाठी कॉफी आणतो, आणि त्याचा तिला जास्तच राग येतो.

परवा तिसऱ्या ट्रकच्या स्टिअरिंगचा दांडा बसत नव्हता. दुपारपर्यंत डोकं लढवून तिने पाइप आणि दांड्याच्या मध्ये चार मिलिमीटर जागा काढली. स्क्रीनवर ती फट दिसली आणि करुणाला मनापासून आनंद झाला. पुढच्याच क्षणी त्या आनंदाची तिला चीड आली. तिने ड्रॉइंग सेव्ह केलं आणि पुढचं उघडलं.