टँकर येत आहे

C++ या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या साठ्यात, ज्या कामांचं उत्तर मागाहून यायचं असतं त्यांच्यासाठी चार एरर कोड आहेत. त्यातला एक सांगतो, की उत्तर देणाराच उत्तर न देता निघून गेलाय, आता वाट पाहू नका. इतकं सरळ बोलणारं माणूस मला बीडच्या एकाही कचेरीत भेटलं नाही.

दुष्काळात एका सहकारी संस्थेच्या टँकरांचा प्रोग्राम मी लिहिला होता. गाव मागणी नोंदवायचं, उत्तर ड्रायव्हरकडून यायचं. त्याने मधूनच फेरी सोडली, की हा कोड यायचा आणि मी गावाला कळवायचो, "टँकर येणार नाही." संस्थेचे चेअरमन भडकले. "न्हाई कावून लिवता? लोक बोंबलतील. येतोय म्हणा!" आणि मी, शिकलासवरलेला गाढव, चारही कोडांना एकच ओळ लावून टाकली: "टँकर येत आहे."

त्याच आठवड्यात टँकर चेअरमनच्या मोसंबीच्या बागेकडे वळला. कोड बरोबर आला. चौसाळ्यात माझ्या आत्याच्या मोबाइलवर मात्र माझी ओळ गेली. एरवी बायका रांगेत घागरी ठेवून कामाला जातात; येतोय म्हटल्यावर कुणी हललं नाही. आत्या संध्याकाळपर्यंत उन्हात बसून राहिली.

तिला फोनवर हे सांगताना मी चेअरमनला शिव्या घालत होतो. तिने मध्येच थांबवलं.

"त्याचं राहू दे. तू न्हाई म्हणून लिवलं असतंस, तर मी मळ्यातल्या हिरीवर गेले असते."