विलासचा डबा आणि चौदावी ओळ

विलास गेल्याचा फोन पहाटे आला तेव्हा मी कराडच्या घरी चहा टाकत होतो. सांगलीच्या दवाखान्यात डेंग्यूनं चार दिवसांत संपवलं त्याला… माझा वर्गमित्र, चाळिशीही न गाठलेला. आता महिना झाला, त्याची वही माझ्या टेबलावर पडून आहे. ती कशी पाठवायची हे ठरत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

विलास विश्वकिरणांचा माणूस. अवकाशातून अहोरात्र कण येतात, छपरातून, आपल्या अंगातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ता नसतो. "मास्तर, आत्ता बी तुझ्या टकलातनं एक गेला बघ," म्हणून खदाखदा हसायचा. पीएचडी झाली, पण पुढच्या संशोधनाची जागा, ते पोस्टडॉक, काही मिळेना. अर्ज करून करून बोटं झिजली बिचाऱ्याची. शेवटी परदेशातल्या एका प्राध्यापकांनी कळवलं, घरी बनवलेल्या उपकरणावर वर्षभर, एकही दिवस न चुकवता मोजणी करा, जागा तुमची. ते उपकरण म्हणजे कुंडलच्या घरात मधल्या खोलीत ठेवलेला पत्र्याचा डबा. कण गेला की टक् वाजायचा. सकाळी आठला दहा मिनिटं टकटक मोजायची, आकडा वहीत लिहायचा. विलास गावी नसला की काकू, म्हणजे त्याची आई, मोजायच्या. त्यानं त्यांना बजावलं होतं, "एकांदा दिवस चुकला तर 'बंद' लिव, पर मनानं आकडा लिवू नगंस."

तो गेला त्या दिवशी सकाळी आठच्या आधीच त्याला कुंडलच्या घरी आणलं, मीही पोचलो. सुतकाच्या घरात टीव्ही-रेडिओ बंद ठेवतात. बाहेर बायका रडत होत्या आणि आत डबा आपला टक्… टक्… मला सोसेना. जाऊन प्लग उपटला. वर्ष भरायला तो धरून चौदाच दिवस उरले होते, हे डोक्यातच आलं नाही. गाढव मी! नंतर त्या प्राध्यापकांचं पत्र आलं, वर्ष पूर्ण असेल तर पहिला शोधनिबंध विलासच्या नावानं छापू.

तेराव्याला वही उघडली. तेराही दिवसांचे आकडे होते, काकूंच्या अक्षरात. पहिल्या दिवसाचासुद्धा! बाहेर विलासला ठेवलेलं असताना त्या आत कधी गेल्या, कुणी पाहिलं नाही. प्लग तसाच लोंबत होता. आईचं मन, दुसरं काय, म्हणून मी वही मिटली. पण दुपारी राहवलं नाही, कागद घेतला. मनानं लिहिलेले आकडे ओळखू येतात, फार सारखे पडतात. खऱ्या मोजणीत चढउतार किती असावा याचं गणित आहे, मी ते पोरांना दरवर्षी शिकवतो. चौथी शिकलेल्या काकूंचे आकडे त्यात चपखल बसले. मी पुन्हा पुन्हा ताळा करून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आता सांगायचंच, म्हणून खोलीत गेलो. काकू डब्यासमोर डोळे मिटून बसल्या होत्या, प्लग अजून लोंबतच होता.

"काकू, प्लग मीच काढला होता. हे आकडे पाठवता यायचे नाहीत."

"ठावं हाय की. बगितलं मी तुला काढताना. पर वाजायचं कुटं थांबलंय? बस गप, आठ वाजल्यात."

बसलो. त्या मोजत राहिल्या. "…बाहत्तर… त्र्याहत्तर…" एवढ्यात त्यांना हुंदका आला आणि मोजणी तुटली. आणि मला ऐकू आलं… टक्.

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो. "…पंच्याहत्तर."

काल त्या तेरा ओळींपुढे मी 'बंद' लिहिलं. विलासचा शब्द मोडवत नाही. त्याचं नाव छापून येणार नाही, याचं फार फार वाईट वाटतं. पण चौदाव्या ओळीतला, त्या सकाळचा आकडा माझ्या अक्षरात आहे. तिथंही 'बंद' लिहायला पेन टेकवतो आणि… हात चालत नाही.